पानाच्या चकतीवरची परीक्षा
द्राक्षवेलीची केवडा रोगाला तोंड देण्याची ताकद कशी मोजतात?

शेतीतील बहुतेक निर्णय एका हंगामापुरते असतात. यंदा सोयाबीन फसले, तर पुढच्या वर्षी मका लावता येतो. द्राक्षबागेचे मात्र तसे नाही. खुंट लावणे, त्यावर कलम भरणे, मांडव उभारणे, ठिबक संच बसविणे या सर्वांसाठी एकदा भांडवल गुंतविले की ते साधारणतः बारा ते पंधरा वर्षांसाठी बांधले जाते. त्या एवढ्या वर्षांत बाग कोणत्या वाणाची असणार, हे लागवडीच्या वेळीच ठरून जाते. आणि त्या वाणाला रोगापुढे उभे राहण्याची शक्ती किती, यावर पुढील प्रत्येक हंगामाचा खर्च, बागायतदाराची झोप आणि अर्थातच कर्जाची परतफेड अवलंबून राहते.

म्हणूनच 'हे वाण रोगप्रतिकारक आहे' हे चार शब्द द्राक्ष बागायतदाराच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. परंतु हे विधान करणाऱ्याने ते कशाच्या आधारावर केले? कोणत्या रोगाविरुद्ध, किती प्रमाणात आणि कोणत्या परिस्थितीत केलेल्या चाचणीवरून? वेलीची प्रतिकारशक्ती डोळ्यांना दिसत नाही. ती कसोटीला लावूनच मोजावी लागते. ही मोजणी कशी होते आणि तिच्या निष्कर्षावर किती विसंबावे, याची माहिती द्राक्षाशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येकाला उपयोगी पडावी.

आठ दिवसांचा शत्रू

द्राक्षाच्या रोगांत भुरी, करपा आणि केवडा ही तीन नावे बागायतदारांच्या तोंडी नेहमी असतात. त्यातील केवडा, म्हणजेच नाशिक-सांगलीकडे ज्याला सर्रास 'डाऊनी' म्हणतात तो रोग, सर्वांत वेगाने पसरणारा होय. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळसर डाग दिसू लागतो आणि दमट रात्रीनंतर सकाळी पान उलटून पाहिले, तर त्याच जागी कापसासारखी पांढरी वाढ आढळते. पाने वाळतात, गळतात. परंतु खरा घात होतो तो कोवळ्या घडांवर. फुलोऱ्यापूर्वी किंवा फुलोऱ्यात रोग शिरला, तर घड तपकिरी होऊन कुजतो व गळून पडतो. पाने पुन्हा फुटू शकतात. पण गेलेला घड त्या हंगामात परत येत नाही.

या रोगाचा जनक 'प्लास्मोपॅरा व्हिटिकोला' हा सूक्ष्मजीव आहे. तो बुरशीसारखा दिसतो व वागतो, तरी शास्त्रीय वर्गीकरणानुसार ती खरी बुरशी नव्हे. बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचा, म्हणजे १८४५ नंतर आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ घडवून आणणाऱ्या रोगाचा, जो गट, त्याच गटातील हा जीव. पाणी हे त्याचे वाहन. पानावर पाण्याचा पातळ थर असला की त्याच्या बीजाणुकोशातून शेपटी असलेले सूक्ष्म चलबीजाणू बाहेर पडतात, पाण्यात पोहत पानाच्या खालच्या बाजूवरील पर्णरंध्रांपाशी पोहोचतात आणि तेथून आत शिरतात. वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस तापमान आणि ओलावा मिळाल्यास आठवडाभराच्या आतच नवे बीजाणू तयार होतात. एका रात्रीच्या पावसाने सुरू झालेला संसर्ग आठ दिवसांत संपूर्ण बागेचा प्रश्न बनतो तो असा.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतरचे पहिले चाळीस दिवस, म्हणजे पोंगा फुटण्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ, हा केवड्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. परतीचा पाऊस लांबला, की शत्रूला आयतीच वाट मिळते. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळाबरोबर आलेल्या अवकाळी पावसाने नाशिक परिसरातील बागांत केवड्याचा जो उद्रेक झाला, तो अनेक बागायतदारांच्या स्मरणात आजही ताजा आहे.

एका पाहुण्याचे आगमन

हा रोग मुळात ना भारताचा, ना युरोपचा. त्याचे माहेर उत्तर अमेरिका. तेथील रानटी द्राक्षवेली आणि हा रोगजंतू सहस्रावधी वर्षे शेजारी राहिले. त्या सहवासात ज्या वेली दुबळ्या होत्या त्या मागे पडल्या आणि ज्यांच्यात प्रतिकार होता त्या टिकल्या. युरोप व पश्चिम आशियात वाढलेल्या 'व्हिटिस व्हिनिफेरा' या जातीवर मात्र अशी वेळ कधीच आली नव्हती. आज आपण खातो ती थॉम्पसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही सारी वाणे याच जातीची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'फायलोक्सेरा' या मुळावरील किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा उपाय म्हणून अमेरिकेतील खुंट मागविण्यात आले. त्या काड्यांबरोबर केवड्यानेही समुद्र ओलांडला आणि १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची नोंद झाली. एका संकटावरील औषधाबरोबर दुसरे संकट घरात आले.

त्यावरील पहिला प्रभावी उपाय योगायोगानेच सापडला. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे हे बोर्डो शहराजवळील मेडॉक भागात फिरत असता त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. इतर सर्व वेलींची पाने गळून गेली असताना रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार होत्या. चौकशीअंती कळले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडण्याची तेथील रीत होती. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या साह्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले. हेच ते 'बोर्डो मिश्रण'. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण आपल्याकडील बागायतदारांना तोंडपाठ असते.

तेव्हापासून आजतागायत केवड्याशी लढाई मुख्यतः फवारणीनेच चालली आहे. परंतु या मार्गाला मर्यादा आहेत. तांबे जमिनीत साठत जाते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून त्याच्या वापरावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. आधुनिक आंतरप्रवाही औषधांना दाद न देणारे जंतूंचे विभेद जगभर आढळले असून भारतातील बागाही त्यास अपवाद नाहीत. शिवाय निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचे अवशेष ठरावीक मर्यादेपलीकडे असून चालत नाहीत. म्हणून वेलीलाच सशक्त करावे, हा विचार पुन्हा पुन्हा पुढे येतो.

प्रतिकार म्हणजे नेमके काय?

येथे तीन शब्दांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. 'रोगमुक्ती' म्हणजे जंतू वेलीत प्रवेशच करू शकत नाही किंवा केला तरी काहीही करू शकत नाही. 'प्रतिकार' म्हणजे जंतू आत येतो, पण त्याची वाढ वेल अडविते. 'सहनशीलता' म्हणजे रोग होतो, मात्र उत्पादनाला फारशी झळ पोहोचत नाही. व्यवहारात हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि तेथेच फसगत होते.

प्रतिकारक वेल रोगाला कशी अडविते? जंतूने पर्णरंध्रातून आत शिरून पेशींमधून आपले शोषक तंतू पसरविण्यास प्रारंभ केला, की वेलीतील ठरावीक जनुके त्याची चाहूल ओळखतात. मग संसर्गाच्या जागेवरील पेशी स्वतःच मरून जातात. केवड्याचा जंतू केवळ जिवंत पेशींवरच जगू शकतो. त्यामुळे भोवतालची पेशी मेली, की त्याचे अन्न तुटते. आग पसरू नये म्हणून गंजीभोवतालचे गवत आधीच कापून टाकावे, तसाच हा प्रकार. पानावर अशा जागी टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके दिसतात. अजाण माणसाला ते रोगाचे लक्षण वाटेल. वस्तुतः ती वेलीच्या विजयाची खूण असते.

या कार्यास कारणीभूत असलेल्या जनुकीय स्थानांना 'आरपीव्ही' असे नाव असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आरपीव्ही-१ हे अमेरिकेतील मस्कॅडाइन द्राक्षातून आले असून ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. अठराव्या गुणसूत्रावरील आरपीव्ही-३ हे अमेरिकी रानवेलींपासून, तर आरपीव्ही-१० व आरपीव्ही-१२ ही आशिया खंडाच्या ईशान्येकडील 'व्हिटिस अमुरेन्सिस' या थंड प्रदेशातील वेलीपासून मिळाली. व्हिनिफेरा जात मात्र सरसकट दुबळी असेही नाही. द्राक्षाचे आदिस्थान मानल्या गेलेल्या जॉर्जिया देशातील 'मगालोब्लिशविली' या जुन्या वाणात लक्षणीय प्रतिकार असल्याचे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

चकतीची चाचणी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या संशोधन केंद्रात दोन वाणांच्या संकरातून शेकडो रोपे तयार झाली आहेत. त्यांतील कोणती प्रतिकारक, हे कसे ठरवायचे? सर्व रोपे शेतात लावून रोगाची वाट पाहिली, तर वर्षे जातील. आणि एखाद्या कोरड्या वर्षी रोग आलाच नाही, तर दुबळी वेलही सशक्त ठरेल. ज्याच्यावर कधी अडचण आलीच नाही, त्याचा धीर किती हे कळणार कसे?

यासाठी प्रयोगशाळेत पानाच्या चकत्यांची चाचणी घेतात. वेलीच्या शेंड्यापासून साधारण चौथे-पाचवे पान निवडले जाते. कारण फार कोवळे आणि फार जून पान वेगवेगळा प्रतिसाद देते. पान स्वच्छ धुऊन त्यातून एक ते दीड सेंटिमीटर व्यासाच्या गोल चकत्या कापतात. काचेच्या बशीत ओलसर टीपकागदावर किंवा अगरच्या थरावर त्या पालथ्या, म्हणजे खालची बाजू वर करून, मांडतात. कारण जंतूचे प्रवेशद्वार असलेली पर्णरंध्रे त्याच बाजूस असतात.

केवड्याचा जंतू मृत अन्नद्रव्यावर वाढविता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेला तो जिवंत पानांवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. ताज्या बीजाणुकोशांचे पाण्यातील मिश्रण करून त्यांची संख्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जाते आणि दर मिलिलिटरला हजारोंच्या प्रमाणात ती निश्चित केली जाते. मग प्रत्येक चकतीवर सारख्याच आकाराचा थेंब ठेवतात किंवा सारखीच फवारणी करतात. पहिली रात्र अंधार, तापमान सुमारे वीस ते बावीस अंश आणि भरपूर आर्द्रता. दुसऱ्या दिवशी उरलेले पाणी टिपून घेतात व चकत्या पाच-सहा दिवस ठेवून देतात.

या चाचणीत दोन बाबी कटाक्षाने पाळल्या जातात. पहिली, प्रत्येक वाणाच्या अनेक चकत्या, वेगवेगळ्या वेलींवरून घेतलेल्या. एका चकतीवरून निष्कर्ष काढत नाहीत. दुसरी, सोबत एक ज्ञात दुबळे व एक ज्ञात प्रतिकारक वाण ठेवणे. दुबळ्या वाणाच्या चकतीवर जर पांढरी वाढ आली नाही, तर ती संपूर्ण चाचणीच रद्द समजतात. कारण मग जंतूच अशक्त होता किंवा परिस्थिती अनुकूल नव्हती, असे मानावे लागते. परीक्षा घेण्यापूर्वी प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा घेण्याची ही पद्धत मोठी मार्मिक आहे.

गुण देण्याची रीत

पाच-सहा दिवसांनी निकालाची वेळ येते. चकतीवर पांढरी वाढ किती दाट, तिने किती भाग व्यापला, पेशी मेल्याचे ठिपके कसे आहेत, हे पाहून गुण दिले जातात. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने यासाठी १ ते ९ अशी श्रेणी ठरविली आहे. १ म्हणजे अत्यल्प प्रतिकार, ९ म्हणजे अत्युच्च प्रतिकार. पानांच्या नोंदीसाठी ४५२ आणि घडांच्या नोंदीसाठी ४५३ असे वेगळे सांकेतिक क्रमांक आहेत. हा वेगळेपणा महत्त्वाचा आहे. कारण पानावर उत्तम प्रतिकार दाखविणारी वेल कोवळ्या घडाच्या बाबतीतही तितकीच खंबीर असेल, असे नाही. बाजारात मात्र पान विकले जात नाही, घड विकला जातो.

शेतातील नोंदींसाठी 'शेकडा रोग निर्देशांक' ही सोपी गणिती रीत वापरतात. प्रत्येक पानाला रोगाच्या तीव्रतेनुसार दर्जा देऊन सर्व दर्जांची बेरीज करायची, तिला शंभराने गुणायचे आणि पानांची संख्या व सर्वोच्च दर्जा यांच्या गुणाकाराने भागायचे. समजा, ० ते ४ ही श्रेणी वापरून ५० पाने पाहिली. त्यांतील १० पाने निरोगी म्हणजे दर्जा ०, २० पाने दर्जा १, १० पाने दर्जा २, ६ पाने दर्जा ३ आणि ४ पाने दर्जा ४ ची निघाली. बेरीज झाली ७४. भागायची संख्या ५० गुणिले ४, म्हणजे २००. निर्देशांक आला ३७. या श्रेणीत निर्देशांक जितका कमी, तितकी वेल चांगली. वरच्या १ ते ९ श्रेणीत मात्र अंक जितका अधिक, तितकी वेल चांगली. कोणताही अहवाल वाचताना श्रेणी कोणती आणि तिची दिशा कोणती, हे आधी पाहावे, नाहीतर अर्थाचा अनर्थ व्हायचा.

डोळ्यांनी दिलेल्या गुणांत माणसामाणसाप्रमाणे फरक पडतो. तो टाळण्यासाठी छायाचित्रांवरून संगणकाने मोजणी करण्याच्या पद्धती आता विकसित झाल्या आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे 'ब्लॅकबर्ड' नावाचे स्वयंचलित यंत्र चकत्यांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन ही मोजणी करते. याशिवाय रोप अगदी लहान असतानाच त्याच्या पानाच्या तुकड्यावरून आरपीव्ही जनुक आहे की नाही, हे तपासता येते. मात्र ही तपासणी म्हणजे उमेदवाराची प्रमाणपत्रे पाहणे झाले. तो काम कसे करतो, हे चकतीवर आणि अखेरीस शेतातच दिसते.

उत्तीर्ण झालेल्याची पुन्हा परीक्षा

इतकी काटेकोर चाचणी झाली, गुण उत्तम मिळाले, म्हणजे प्रश्न मिटला का? 'बियान्का' या वाणाची कथा येथे बोधप्रद ठरते. हंगेरीतील एगर येथे १९६३ मध्ये झालेल्या संकरातून हे पांढऱ्या द्राक्षाचे वाण निर्माण झाले. त्याच्यात आरपीव्ही-३ आहे आणि केवड्याविरुद्ध त्याने चांगले नाव मिळविले. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केवड्याचा असा एक विभेद आढळल्याची नोंद झाली, की ज्याच्यापुढे बियान्काचा प्रतिकार निष्प्रभ ठरत होता. विशेष म्हणजे, बियान्काची लागवड फारशी मोठ्या क्षेत्रावर नव्हती. तरीही जंतूने मार्ग शोधला. पुढे आरपीव्ही-१२ ला चकविणारे विभेदही युरोपात नोंदले गेले.

वेल जागची हलत नाही, पण जंतू दर हंगामात अनेक पिढ्या बदलतो. एकाच कुलपाची चावी शोधण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. म्हणून शास्त्रज्ञ आता एकाच वेलीत दोन किंवा अधिक कुलपे बसविण्याचा प्रयत्न करतात. फ्रान्समधील शासकीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली आर्ताबान, व्हिडोक, फ्लोरेआल व व्होल्टिस ही चार वाणे २०१८ मध्ये तेथील अधिकृत सूचीत दाखल झाली. त्यांत केवड्याविरुद्ध एकाहून अधिक जनुके एकत्र आणली आहेत. एवढे करूनही तेथील तज्ज्ञ निश्चिंत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास एक-दोन संरक्षक फवारण्या कराव्यात, असा सल्ला ते देतात, आणि ही वाणे लावलेल्या बागांवर सातत्याने लक्ष ठेवण्यासाठी 'ऑस्कर' नावाचे निरीक्षण जाळे २०१७ पासून कार्यरत आहे.

बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना यातील तत्त्व नवे वाटणार नाही. कर्जदाराची पत मंजुरीच्या दिवशी कितीही उत्तम असो, खात्याचा आढावा दर वर्षी घ्यावाच लागतो. कारण परिस्थिती बदलते. वेलीची पतही तशीच आहे. तिला मिळालेले गुण हे ठरावीक जंतूविरुद्ध, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक दिवशी मिळालेले असतात.

आपल्याकडील प्रयत्न

भारतात प्रतिकारक द्राक्ष अगदी अपरिचित नाही. कर्नाटकात पूर्वापार घेतले जाणारे 'बेंगळुरू ब्लू' हे अमेरिकी 'लॅब्रुस्का' वंशाचे असून रोगांना पुष्कळ तोंड देते. परंतु त्यात बिया असतात आणि त्याचा उग्र गंध सर्वांना रुचत नाही. खाण्यासाठी ग्राहकाला हवे असते बिनबियांचे, लांबट मण्यांचे, कुरकुरीत गराचे आणि गोड द्राक्ष. प्रतिकार एकीकडे आणि चव दुसरीकडे, अशी ही ओढाताण आहे. रानवेलीचा संकर केला, की तिच्या प्रतिकाराबरोबर तिचे बारीक मणी आणि वासही येतात. ते दूर करण्यास पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो आणि त्यात दशके जातात.

या दिशेने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेले काम उल्लेखनीय आहे. लॅब्रुस्का वंशाचे 'कटॉबा' आणि व्हिनिफेरा वंशाचे 'ब्यूटी सीडलेस' यांच्या संकरातून तेथील शास्त्रज्ञ डॉ. सुजाता तेताली यांनी 'एआरआय-५१६' हे वाण विकसित केले. त्याची माहिती केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये प्रसिद्ध केली. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होणारे हे वाण रोगांना तोंड देणारे असून रसासाठी विशेष उपयुक्त मानले जाते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही वाण सुधारणा आणि रोगव्यवस्थापन या दोन्ही अंगांनी कार्य करीत आहे.

तथापि, परदेशात ९ गुण मिळविलेले वाण नाशिकच्या मांडवावर आणले, म्हणजे तेच गुण मिळतील असे गृहीत धरता येत नाही. येथील जंतूंचे विभेद वेगळे, वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत वेगळी, आणि फळछाटणीनंतरची दमट हवाही वेगळी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती जवळजवळ वर्षभर हिरवी असते, आणि तमिळनाडूतील कंबम खोऱ्यात तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात द्राक्षे तयार होतात. जंतूलाही तितकीच विश्रांती कमी. त्यामुळे येथील वेलीची परीक्षा येथील जंतूविरुद्ध आणि येथील हवेतच व्हावयास हवी.

लागवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

नव्या वाणाची लागवड करू इच्छिणाऱ्या बागायतदाराने रोपवाटिकेला किंवा वाणाची शिफारस करणाऱ्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

प्रतिकार कोणत्या रोगाविरुद्ध सिद्ध झाला आहे? केवड्याला न डगमगणारी वेल भुरीला किंवा करप्याला सहज बळी पडू शकते. किंबहुना केवड्याच्या फवारण्या बंद केल्यावर त्यांच्यामुळे आजवर दबलेले इतर रोग डोके वर काढतात, हा अनुभव अन्यत्र आला आहे.

चाचणी पानांवर झाली की घडांवरही? प्रयोगशाळेतच झाली की शेतातही? किती हंगाम, किती ठिकाणी? आणि त्या हंगामांत पाऊस पडला होता काय? सोबत थॉम्पसनसारखे दुबळे वाण तुलनेसाठी होते काय आणि त्याच्यावर रोग आला होता काय? दुबळ्या वाणावरही रोग नसेल, तर नव्या वाणाच्या निरोगीपणाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रतिकार एका जनुकावर आधारलेला आहे की अनेक? आणि फवारण्या पूर्ण बंद होतील, असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते सावधगिरीनेच ऐकावे. फवारण्यांची संख्या घटणे हा मोठाच लाभ आहे. परंतु ती शून्यावर येणे ही वेगळी गोष्ट आहे.

शेवटचा प्रश्न बाजाराचा. त्या द्राक्षाला ग्राहक कोण? खाण्यासाठी, बेदाण्यासाठी, रसासाठी की वाइनसाठी? रोगापासून वाचलेला माल विकला गेला नाही, तरी हप्ता चुकायचा तो चुकतोच. संपूर्ण बाग एकदम बदलण्यापेक्षा थोड्या क्षेत्रावर नवे वाण लावून दोन-तीन हंगाम पाहणे, हे अधिक शहाणपणाचे ठरते.

हवामानावर आधारित फळपीक विम्याचा विचारही याच बरोबर करावा. ही योजना पाऊस, तापमान यांसारख्या हवामानाच्या मोजमापांवर भरपाई ठरविते. पानावरील डाग पाहून नव्हे. म्हणून विमा हा प्रतिकारक वाणाला पर्याय नाही आणि प्रतिकारक वाण हा विम्याला पर्याय नाही. दोन्ही आपापल्या जागी हवेत.

वेलीची ताकद मोजण्याचे शास्त्र शिकविते ते एवढेच, की प्रतिकार हा 'आहे' किंवा 'नाही' असा एका शब्दात सांगता येणारा गुण नाही. तो किती आहे, कोणाविरुद्ध आहे आणि आज आहे की कालपर्यंत होता, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते. पानाच्या एका लहानशा चकतीवर शास्त्रज्ञ जी दक्षता बाळगतो, तीच बागायतदाराने पंधरा वर्षांचा निर्णय घेताना बाळगली, तर फळछाटणीनंतर आलेल्या पावसाची रात्र त्याला थोडी कमी लांब वाटेल.